काळ्या जर्सीवरचा ठसा

१

टेबलावर अकरा वस्तू होत्या. काळी जर्सी एक, काळी हाफपँट एक, मोजे दोन, बूट दोन, शिट्टी एक, कार्डं दोन, घड्याळ एक आणि नाणेफेकीचं नाणं एक. हेमांगीने त्या मोजल्या, जागा बदलून पुन्हा मोजल्या आणि मग एकेक उलटून पाहायला घेतली.

जर्सीची उजवी बाही खांद्यापर्यंत कापलेली होती. प्लास्टर घालण्याआधी दवाखान्यात कात्री चालवली होती. हाफपँटच्या मागे तांबड्या मातीचा मोठा डाग, पुढची बाजू स्वच्छ. मोजे गुडघ्यापर्यंतचे, पुढून स्वच्छ. डाव्या बुटाच्या तळाला माती. उजव्या बुटाचा तळ झिजून गुळगुळीत झालेला आणि त्यावर पांढऱ्या पुडीचा थर. जर्सीच्या पाठीवर उजव्या पंजाचा पांढरा ठसा होता. तळवा कॉलरखाली दाट उमटलेला, बोटांची टोकं कमरेकडे विरळ होत गेलेली.

तिने पट्टी लावली. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एकोणीस पूर्णांक चार सेंटिमीटर.

"झालं का तुझं मोजून?" शिर्के सरांनी चष्मा कपाळावर चढवला. महिपतराव शिर्के म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि मुलींच्या जिल्हा फुटबॉल लीगच्या शिस्तपालन समितीचे अध्यक्ष. डोंबिवली पूर्वेला एका स्टेशनरीच्या दुकानावरची ही खोली म्हणजेच त्यांचं कार्यालय. "मला ठसा कुणाचा ते हवंय. रविवारी संध्याकाळी निकाल द्यायचा आहे."

प्रकरण सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. कोपरच्या खाडीलगतच्या मैदानावर उपांत्य सामना, कोपरविरुद्ध ठाणे. शेवटची चार मिनिटं उरलेली असताना रेफ्री सुशांत ढवळेने कोपरविरुद्ध पेनल्टी दिली. कडेच्या रेषेजवळ, कोपरच्या बाकासमोर गर्दी झाली, आरडाओरडा झाला आणि त्या गर्दीत सुशांत पडला. उजवं मनगट मोडलं. सामना तिथेच थांबला. त्याने अहवालात एकच वाक्य लिहिलं: मला मागून ढकलण्यात आलं.

"नियम अकरा," सर म्हणाले. "प्रशिक्षकाने रेफ्रीला हात लावला, कारण काहीही असो, पाच वर्षं बंदी. खेळाडूने लावला तर दोन वर्षं. आणि प्रशिक्षकाविना संघाची नोंदणी राहत नाही, हे तुला माहीत आहेच."

हेमांगीला माहीत होतं. ती एमएससी झालेली, एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत नमुने तपासायची. कॉलेजात गोलकीपर होती म्हणून सरांनी तिला समितीत ओढलं होतं. कोपरच्या संघात सोळा मुली होत्या आणि त्यांना शिकवायला दौलत भोईर सोडून कुणी कधी आलं नव्हतं, हेही तिला माहीत होतं.

"हात पांढरे कुणाकुणाचे होते?" तिने विचारलं.

"हाफटाइमला रेषा पुसट झाली होती. बाकासमोरची तेवढी पुन्हा मारली, हातानेच. दौलत, त्याचा मदतनीस केतन आणि कॅप्टन रचना. तिघांचेच हात पांढरे होते. रचना कीपर आहे, पण हातमोजे घालत नाही."

एका पालकाने मोबाईलवर काढलेली छोटीशी क्लिप हेमांगीने चार वेळा पाहिली. सगळी पाठमोरी गर्दी. सुशांतचं डोकं गर्दीच्या मागे एकदम खाली जातं, एवढंच दिसतं. मात्र मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या पिंपापाशी केतन सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभा होता.

तिघांतले दोन उरले.

२

सुशांत कल्याणला राहायचा. त्याच्या आईने चहा ठेवला आणि ती दारातच उभी राहिली.

"पुढच्या महिन्यात पोलीस भरतीचं मैदान होतं याचं," आई म्हणाली. "पहाटे उठून पळायचा. गोळा कुठल्या हाताने फेकणार आता?"

"आई, राहू दे ना गं."

"काय राहू दे? वयाची अट संपतेय ह्या वर्षी. त्या कोचला सांगा म्हणावं."

सुशांतने प्लास्टरमधला हात उशीवर सरकवला. "दौलतदादा रेषेच्या आत येऊन ओरडत होते. 'बघतो तुला' म्हणाले. मी वळलो, कार्ड काढणार, तेवढ्यात पडलो."

"पाठीवर हात लागलेला आठवतो?"

"हो. चांगलाच."

"पडायच्या आधी की नंतर?"

"ताई, हात बसला म्हणून तर पडलो ना! असंच कसं पडेन मी?"

"कसा पडलास? तोंडावर?"

"बसलोच खाली. हात मागे टेकला आणि कट्कन आवाज आला. मग डोळ्यांपुढे अंधारी. कुणी उचललं, कुणी पाणी मारलं, काही कळलं नाही. दहा जण होते अंगावर."

हेमांगीने तिच्या वहीत बाण काढला, मागून पुढे जाणारा. मग त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. मागून धक्का बसलेला माणूस पुढे पडतो. त्याचे गुडघे खरचटतात, तळवे सोलतात. सुशांतचे मोजे पुढून स्वच्छ होते.

ती जिना उतरत असतानाच फोन वाजला. ठाण्याच्या संघाचे प्रशिक्षक सौमित्र.

"मॅडम, तुम्ही चौकशी करताय ना? मग ऐका, उगाच दौलतच्या मागे लागू नका. रेफ्रीच्या मागे ती कॅप्टन होती. रचना. मी डोळ्यांनी बघितलंय, तिनेच ढकललं. लेखी देतो हवं तर."

"इतके दिवस का नाही दिलंत?"

"लहान मुलगी आहे, म्हटलं जाऊ दे. पण खरं ते खरं ना?"

रचनाचं नाव राज्य शिबिराच्या यादीत होतं. जिल्ह्यातून गोलकीपर एकच जाणार होती. यादीत तिच्या खालोखाल ठाण्याची मुलगी होती आणि तिला सौमित्र शिकवत होते.

संध्याकाळपर्यंत त्यांचं लेखी निवेदन समितीकडे पोचलं.

३

शनिवारी दुपारी मैदानावर सराव चालू होता. दौलत भोईर पन्नाशीचा, खांद्याने रुंद, लुंगीवर शिट्टी अडकवलेला. हेमांगीला पाहताच त्याने मुलींना फेऱ्या मारायला पिटाळलं.

"हात लावला होता का रेफ्रीला?" तिने आडवळण घेतलं नाही.

"नाय."

"ओरडलात?"

"ओरडलो. पेनल्टी नव्हतीच ती! आंधल्यालाबी दिसलं असतं. पन ढकललं नाय मी. माझ्या आईची शपथ."

"मी विचारलं, हात लावला होता का."

"नाय लावला." या वेळी तो खाडीकडे पाहून बोलला.

"मग हाताचं माप देता? ठशाशी ताडून पाहते. रचनाचंही घेईन."

"माप कनाला? आमी काय चोर हाव?" त्याचा आवाज चढला. "आनि माझ्या पोरींच्या हाताला पट्टी लावायची नाय. सांगून ठेवतो."

रचना धावता धावता थांबली होती. उंच, सडसडीत, सतरा वर्षांची. "ताई, मी नाही लावला हात. खरंच. रेफ्री सर पडले तेव्हा मी मागेच होते, पण मी बाजूला झाले."

"पडले की पाडले?"

"काय माहीत! पाय असा वर आला त्यांचा." तिने स्वतःचा पाय पुढे उडवून दाखवला.

"ए रचना, पल तू!" दौलत ओरडला. "बडबड नको."

हेमांगी कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी गेली. सामन्यातल्या रेषा अजून दिसत होत्या. तिने वाकून रेषेची पांढरी फक्की चिमटीत धरली. खरखरीत लागली. मग ती बाकासमोर आली. इथली रेषा जाड होती, जास्तच पांढरी. तिने बोट फिरवलं आणि ते सुळकन निसटलं.

मैदानाबाहेर सरबताची गाडी होती. तिने अर्धं लिंबू मागून आणलं. पोरी फेऱ्या सोडून भोवती जमल्या.

"ताई, सरबत बनवताय काय मैदानाचं?" एकीने विचारलं, बाकीच्या खिदळल्या.

कोपऱ्यातल्या फक्कीवर थेंब पडले तशी ती बारीक फसफसली. बाकासमोरच्या रेषेवर थेंब पडले आणि तसेच राहिले. ना बुडबुडा, ना काही.

"चुनखडी असली तर लिंबाने फसफसते," हेमांगी म्हणाली. "ही फक्की नाही. केतन, हे काय आहे?"

केतन पाण्याची बादली घेऊन बाकापाशी आला होता. सव्विसेक वर्षांचा, कंपनीच्या निळ्या शर्टातच आलेला. त्याने आधी दौलतकडे पाहिलं.

"तू रबराच्या कारखान्यात आहेस ना?"

"ताई, तिकडे येता का जरा?"

बाकामागे जाऊन तो हलक्या आवाजात बोलू लागला. "शंखजिऱ्याची पूड आहे ती, टाल्कम असते तशी. ट्यूबा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून लावतो आम्ही. गेल्या वर्षी फक्कीने पोरींचे गुडघे भाजले होते, आठवतं? घसरून पडल्या की त्यात चुना जायचा, रात्रभर आग. म्हणून मी म्हटलं, ही मऊ आहे, अंगाला काही करत नाही. हाफटाइमला फक्की संपली, तेव्हा अर्धं पोतं ओतलं."

"मऊ आहे म्हणून घसरते, केतन."

"ते आता कळलं. कंपनीला न विचारता आणलं होतं. कळलं तर मला काढतील. दादांना मी सांगितलं, ते म्हणाले तू तोंड उघडू नको, मी बघतो."

म्हणजे सुशांतला कुणीच ढकललं नव्हतं. झिजलेला उजवा बूट त्या पुडीवर पडला, पाय पुढे गेला आणि तो मागे बसला. माती हाफपँटच्या मागे लागली, हात मागे टेकला. सगळं जुळत होतं.

एक गोष्ट सोडून. कुणी ढकललंच नाही, तर पाठीवरचा हात कुणाचा आणि का?

४

दौलत मैदानात नव्हता. खाडीच्या धक्क्यावर गेला, असं मुलींनी सांगितलं. हेमांगी मागोमाग गेली.

ओहोटी लागली होती. चिखलातून एक म्हातारी कमरेला टोपली बांधून धक्क्याकडे येत होती, पोटरीपर्यंत रुतत. धक्क्याच्या खालच्या पायऱ्या तुटल्या होत्या.

"मनुआत्या, थांब, मी येतो," दौलतने हाक दिली.

"तुझी वाट बगत बसले तर भरती येईल मेल्या!"

तो धक्क्याच्या चिखलाळ काठावर हात-गुडघे टेकून बसला. आत्याने तोंड त्याच्याकडे करून दोन्ही हात वर केले. दौलत तिच्यावर वाकला, उजवा हात तिच्या खांद्यावरून पाठीवर खाली सोडला, पंजा सपाट दाबला, डावा हात काखेत घातला आणि एका हिसक्यात तिला वर घेतलं.

"अरे हलू! मी काय जाल्यातला बोंबील हाय?"

"बोंबील एवढा बोलत नाय."

"असंच उचलतात का सगळ्यांना?" हेमांगीने विचारलं.

उत्तर आत्यानेच दिलं. "मंग कसं? होडीवरून पान्यातला मानूस घ्यायचा तर असाच घ्यायचा. हाताला धरून वढशील तर हात निखलंल. याला याच्या बापानं शिकवलाय. लहान असताना बाप सोता दोनदा बुडता बुडता राहिला."

आत्या टोपली सावरत निघाली. तिची पाठ हेमांगीकडे झाली. लुगड्यावर चिखलाचा पंजा उमटला होता. तळवा मानेखाली दाट, बोटांची टोकं कमरेकडे.

मागून ढकलणाऱ्याची बोटं वर असतात. हा हात समोरून आला होता, वरून, खाली बसलेल्या माणसाला उचलायला.

दौलतने तिची नजर पाहिली. मग आत्याच्या पाठीकडे पाहिलं. चिखलाचा हात त्याने लुंगीला पुसला.

५

"अप्रतिम," शिर्के सर म्हणाले, आणि ते खरोखरच खूश दिसत होते. "म्हणजे धक्का नाहीच. पुडीवरून घसरला. सौमित्रचं निवेदन खोटं. फारच छान, हेमांगी."

"मग प्रकरण बंद करा, सर. कुणी ढकललं नाही."

"ठसा कसा उमटला म्हणालीस?"

"उचलताना. मनगट मोडलेल्या माणसाला हात न ओढता उचललं, म्हणून. खरं तर त्यामुळे हाड आणखी सरकलं नाही. मी सुशांतच्या डॉक्टरांना विचारलं."

"म्हणजे हात लागला."

"सर!"

"लागला ना?"

"मदतीसाठी लागला."

"कारण काहीही असो." सरांनी चष्मा खाली घेतला. "हे तीन शब्द मी नाही घातलेले. दोन वर्षांपूर्वी कल्याणला एका प्रशिक्षकाने रेफ्रीच्या थोबाडीत मारली आणि नंतर म्हणाला, मी तर त्याला सावरत होतो. दहा साक्षीदार उभे केले त्याने. सुटला. त्यानंतर मुलींच्या सामन्यांना रेफ्री येईनात. तेव्हा सभेत एक जण उठला आणि म्हणाला, कारण विचारत बसलात तर प्रत्येकाकडे कारण असतं. घाला, कारण काहीही असो."

"कोण उठला होता?"

"दौलत भोईर."

खालच्या दुकानात कुणीतरी झेरॉक्स काढत होतं. यंत्राचा उजेड जिन्यात येत जात होता.

"आज मी दौलतला सोडलं, तर उद्या त्या कल्याणवाल्याला कुठल्या तोंडाने धरू?" सर म्हणाले. आवाजात कडकपणा नव्हता, त्यामुळे हेमांगीला वाद घालता येईना. "पण एक आहे. ठसा त्याचाच, हे अजून सिद्ध नाही. आत्याच्या लुगड्यावरून मी माणसाला बंदी घालणार नाही. तिकडे रचनाविरुद्ध मात्र लेखी निवेदन आहे. ढकललं नसेल, पण हात लावला असेल, असं सौमित्र म्हणेलच. ठसा तिचा नाही हे दाखव, नाहीतर दोन वर्षं तिला. शिबिर गेलं."

६

रविवारी चार वाजता दौलत आणि रचना मैदानातल्या बाकावर बसले होते. केतन थोडा लांब उभा होता. हेमांगीने सगळं सांगितलं, जसं होतं तसं. शंखजिरं, बूट, ठशाची बोटं, सरांचं म्हणणं.

"सौमित्रने माझं नाव दिलं?" रचनाला रडू फुटलं. "मी काय केलं त्यांचं?"

"तू चांगली किपर हायस, एवढंच केलंस," दौलत म्हणाला. मग हेमांगीकडे वळला. "तिचा हात मोज."

"काल तुम्हीच नको म्हणालात."

"काल मना वाटलं, दोघांचाबी नाय मोजला तर कुनाचंच नाव येनार नाय. मोज."

रचनाने पंजा बाकावर पसरला. हेमांगीने पट्टी ठेवली. सोळा पूर्णांक आठ. दोन सेंटिमीटरहून जास्त फरक. कापड कितीही ताणलं तरी तो भरून निघणार नव्हता.

"सुटली?"

"सुटली."

"शिबिराला जाईल?"

"जाईल."

रचनाने डोळे पुसले. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. "म्हणजे दादांचं काय?"

केतन पुढे आला. "दादा, मी लीगला सांगतो, पूड माझी होती. मी जाऊन सांगतो आत्ता."

"त्यानं माझा हात पुसला जातोय काय? नोकरी जाईल तेवढी तुझी. गप उभा राहा."

"तुमच्या जागी केतन?" हेमांगीने विचारलं, उत्तर माहीत असून.

"सर्टिफिकेट नाय त्याच्याकडं. परीक्षा पुढच्या वर्षी. तोवर नोंदनी संपते." त्याने मैदानाकडे पाहिलं. पोरी दोन गट करून खेळत होत्या, आज सराव लवकर का संपवला ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. "पाच वर्षांनी ह्यातली एकबी इथं नसेल. लग्नं होतील, नाहीतर कामाला लागतील."

"दादा, तुमचा हात मोजायची गरज नाही," हेमांगी म्हणाली. "मला तो अधिकारही नाही. तुम्ही नकार दिलात, एवढंच मी लिहू शकते."

"आनि मग? पांढरे हात तिघांचे. केतन पिंपापाशी. हिचा बसत नाय. उरला कोन?" तो किंचित हसला. "तू शिकलेली हायस, तुझ्या सरांनाबी वजाबाकी येते. उरला म्हणून माझं नाव लागायला नको. मोजून लाव."

"तुम्ही त्या दिवशी त्याला तसाच बसू दिला असता तर?"

"पोरगा पडला होता गं," दौलत म्हणाला. जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. "सुशांतचं काय झालं? भरतीचं?"

"हुकलं."

त्याने मान हलवली. उजवा हात लुंगीला पुसला, बाकाच्या फळीवर उलटा ठेवला, मग सुलटा केला आणि बोटं सरळ केली.

हेमांगीने पट्टीचं शून्य मनगटाच्या रेषेवर धरलं. तिने पट्टी उचलली, फळी पुसली आणि पुन्हा ठेवली. खाली वाकून, एक डोळा मिटून, आकडा वाचला. मग खात्रीसाठी दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं आणि सरासरी काढली.

जर्सीवरचा ठसा : एकोणीस पूर्णांक चार सेंटिमीटर.

दौलत भोईर, उजवा हात : एकोणीस पूर्णांक चार सेंटिमीटर.